रुपाच्या गोळ्या

"हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला, काही कळत नाहीये."

रंजिता सिस्टरनं मोबाइल कान आणि खांदा यांच्यात दाबून धरला आणि लोटन आबांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत राहिली. बुधवार होता. सारंगखेड्याजवळच्या त्या आरोग्य केंद्रात बुधवारी रोजच्या गोळ्यांवरची माणसं यायची. बीपीची, साखरेची, फिटची. बाहेरचा बाक भरून लोक पायऱ्यांवर बसले होते, वीज गेलेली, आणि फोनवर कुणीतरी नुसतंच कुजबुजत होतं.

"कोण रुपा?… थांब. आपली रुपा? बेबीबाईंची?… अगं, मग तसं सांग ना. दबक्या आवाजात काय बोलतेस, घसा बसलाय का?… बरं. बोल, ऐकतेय… आबा, मूठ आवळू नका हो, हात सैल सोडा… तुला नाही गं. बोल."

बेबीबाईंची रुपा म्हणजे रंजिताच्या हाताखालून गेलेली पोर. दहावीत असताना शाळेच्या प्रार्थनेला उभी होती, तिथंच आडवी झाली, तोंडाला फेस आला. तेव्हापासून तिच्या फिटच्या गोळ्या याच केंद्रातून जात. पोरगी शहाणी. गोळ्यांना कधी चुकली नाही, आणि फिट अशी थांबली की घरचे विसरूनही गेले. यंदा माघात तिचं लग्न झालं. नवापूरकडचं स्थळ, पोल्ट्रीचा धंदा, मुलगा हेमकांत, एकुलता एक. लग्नात रंजिता जेवून आली होती.

"काय बंद केल्या तर?… गोळ्या?… कोणी सांगितलं बंद करायला?… कोणीच नाही. मग असं का विचारतेस?… सहज? सहज विचारायला तू बुधवारी, भर गर्दीत मला फोन केलास होय?… अगं ऐक ना. ऐक. मी काही म्हणत नाहीये तुला."

'गोळ्या घेतेस ना?' असा प्रश्न रंजिता कुणालाच विचारत नसे. तो विचारला की उभा जिल्हा 'हो' म्हणतो. साखर आभाळाला भिडलेली माणसं 'हो' म्हणतात, आणि पिशवीत मागच्या महिन्याची पाकिटं तशीच असतात. म्हणून ती दुसऱ्या वाटेनं जाई.

"हे बघ, गोळ्या चुकतात सगळ्यांच्याच. माझ्या स्वतःच्या रक्ताच्या गोळ्या चुकतात. तुझ्या गेल्या आठवड्यात साधारण किती चुकल्या?… किती?… सगळ्या?"

लोटन आबांनी मान वर केली. रंजिता उठली. पट्टा आबांच्या दंडावर तसाच राहिला. औषधांच्या खोलीत जाऊन तिनं दार लोटून घेतलं आणि खोक्यांच्या मध्ये उभी राहिली.

"सगळ्या म्हणजे सकाळची पण आणि रात्रीची पण?… एकही नाही. बरं… नाही, रागावत नाहीये मी. पण तुझी आई परवाच इथं येऊन तुझ्या गोळ्या घेऊन गेली ना. मला म्हणाली, लेक घड्याळ लावून घेते, तुम्ही चिंता नका करू… तिला माहीतच नाही?… आणि तू सांगितलंही नाहीस. वा. छान चाललंय मायलेकींचं.

"आता मी विचारते ते नीट सांग. सकाळी उठल्यावर हात उडतात का?… झटका बसल्यासारखे… हो, तेच… कप?… चहाचा कप उडाला. कोणाच्या अंगावर?… हेमकांतच्या. भाजलं का त्याला?… नशीब. अजून?… वेणी घालताना फणी. काल. आणि आज सकाळी?… आज पण."

रंजितानं कपाळाला हात लावला. सकाळचे हे झटके म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. मोठी फिट यायच्या आधी रुपाचे हात असेच उडत. शाळेतल्या त्या दिवशीही तिची वही सकाळीच दोनदा खाली पडली होती.

"रुपा, तू आत्ता कुठे आहेस? आवाजाला वारा लागतोय तुझ्या… गच्चीवर? गच्चीवर कशाला?… रेंज नाही म्हणून. बरं, कठडा आहे का गच्चीला?… विटा रचून ठेवल्यात, बांधायचा राहिलाय. उत्तम… नाही, बोलू नकोस आता. आधी खाली उतर… अगं सासूबाई ऐकतील ते नंतर बघू. जिना कसा आहे?… लोखंडी. मग बसून उतर. लहान पोरं उतरतात तशी, एकेका पायरीवर बसत… हसू नकोस. मी काही विनोद करत नाहीये… फोन चालू ठेव आणि खिशात… बरं, पदरात बांध. उतर."

फोनमधून कपड्याची सरसर ऐकू येत राहिली. इथून नवापूर काही जवळ नाही. मध्ये अख्खा नंदुरबार. पोरगी त्या जिन्यावर असताना हात उडाला तर इथं औषधांच्या खोक्यांमध्ये उभं राहून रंजिता काय करणार होती? बाहेरून लोटन आबांची हाक आली.

"आलेच आबा… सोडते पट्टा, दोन मिनिटं. हलू नका… हॅलो? रुपा? उतरलीस?… कुठे बसलीस?… खाद्याच्या खोलीत. गोणीवर नाही, खाली जमिनीवर बस. पाठ गोणीला लाव… बसलीस? हां. आता सांग. गोळ्या का बंद केल्यास?… फेकल्या? कोणी फेकल्या?… सासूबाईंनी… त्यांना कुठे सापडल्या?… साड्यांच्या घडीत. पण फेकायचं काय कारण?… काय वाटलं त्यांना?… परत सांग, कोंबड्यांच्या आवाजात काही कळलं नाही… पाळणा लांबवायच्या?"

हसावं की रडावं, रंजिताला कळेना. फिटच्या गोळ्या आणि पाळणा लांबवायच्या. रुपाची सासू तापीबाई हिला तिनं लग्नात पाहिलं होतं. उंच, आडव्या बांध्याची, नाकात मोठी नथ, वाढपावर करडी नजर. तिच्या घरात नव्या सुनेच्या साड्यांत गोळ्यांची पाकिटं निघाली म्हणजे काय झालं असेल, ते सांगायला नको होतं.

"मग तू काय म्हणालीस त्यांना?… काहीच नाही?… का गं?… हो, पण… अगं पण… म्हणजे तुला मूल नको असं सगळ्या घरानं समजलेलं चाललं, पण फिट हा शब्द तोंडातून काढला नाहीस… आईनं शपथ घातली. कसली?… स्वतःच्या जिवाची. हो का. बेबीबाईंच्या शपथेनं फिट थांबत असती तर आम्ही इथं गोळ्या कशाला वाटत बसलो असतो गं?… रडू नकोस. मी आईला बोलतेय, तुला नाही… बरं, तुलाही बोलतेय थोडं.

"हेमकांतला माहीत आहे?… त्याला काय वाटतं?… तेच. पाळण्याचं… मग तो काय म्हणाला?… काहीच नाही. तोही काही नाही. बोलतच नाही… रात्री शेडवर झोपतो?… पिल्लं नवीन आलीत म्हणून. रोज?… पिल्लांना ऊब द्यावी लागते हे मलाही माहीत आहे, पण गडीमाणसं असतील की… हं… हं… समजलं."

तिला खरंच समजलं. नव्या लग्नाचा नवरा पिल्लांचं निमित्त काढून रात्र शेडवर काढत होता, आणि ही तिथं पोत्याला टेकून कुजबुजत होती. राग कोणावर काढावा, हाच प्रश्न होता. बेबीबाईवर काढावा तर तिची भीती खोटी नव्हती. फिटची मुलगी म्हणून आधीची दोन स्थळं दारातून परत गेलेली रंजितानंही पाहिली होती.

"रुपा, मला एक सांग. लग्न ठरलं तेव्हा आपण दोघी नंदुरबारला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो ना?… त्यांनी तुझ्या जुन्या गोळ्या का बदलल्या, आठवतं?… नाही, स्वस्त म्हणून नाही. नीट आठव… हां. पुढेमागे दिवस गेले तर बाळाला त्रास नको, म्हणून. आणि ती बारकी पिवळी गोळी?… तीही बाळासाठीच. म्हणजे तुझ्या सासूबाईंनी फेकलं काय ते कळतंय का तुला?… हो ना. मग हे त्यांना सांगायला नको?

"मी?… मी नाही सांगणार… अगं मला जमणार नाही म्हणून नाही. तुझा आजार आहे, तुझी गोष्ट आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी नवऱ्यालाही सांगणार नाही आणि सासूलाही नाही. हे माझं तुला आधीपासूनचं वचन आहे. पण तू सांग. आज. आत्ता… घालवून देतील? घालवून देतील म्हणून तू जिन्यावरनं पडून मरणार आहेस का?… नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला. चुकलं. ऐक ना… रुपा?… कोण आलं?… रुपा, फोन बंद करू नकोस. रुपा?"

फोन कुणाच्या तरी हातातून कुणाच्या तरी हातात गेला. बांगड्या वाजल्या. मग तापीबाईचा जो आवाज आला, तो ऐकायला फोन कानाला लावायची गरज नव्हती. रंजितानं तो जरा लांबच धरला आणि आपोआप घरच्या बोलीवर आली.

"हां मावशी, रामराम. मी रंजिता सिस्टर बोली ऱ्हायनी, सारंगखेडाकडथून… हो, मीच. लगीनमा येल व्हतू मी… हो, मन्ह्याच हातन्या गोळ्या… नही… नही मावशी, मन्हं ऐकी तर ल्या… मी तुमनी दुश्मन थोडीच शे… नही, त्या गोळ्या त्या कामन्या नहीत. पाळणाना काय संबंध नही त्यासना… खोटं कसाले बोलू?… मंग कसान्या, ते माले सांगता येत नही… नही, तसं नही. रुपानी गोष्ट शे ती. तिलेच इचारा."

पलीकडून तोफखाना सुरूच होता. सरकारी नर्सा घरं फोडतात, लेकीबाळींना नको ते शिकवतात, पगार कशाचा घेता, एक ना दोन. रंजितानं एकच शब्द काढला असता तर सगळं जागच्या जागी मिटलं असतं. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही होता. नोकरीत तिच्यावर बरेच आळ आले होते, पण नव्या नवरीला मूल न होण्याच्या गोळ्या चोरून पुरवल्याचा आळ पहिलाच. तिनं दात आवळले.

"हो… हो… माले काय बोलनं ते बोला मावशी. मी ऐकी ऱ्हायनी… हो, नोकरी जाई मन्ही, जाऊ द्या… पन एक सांगू? ती पोर तुमना समोरच बठेल शे ना? तिनाकडे देखा एकदाव. हात उडी ऱ्हायनात का तिना?… आते, या घडीले… देखा ना. मन्हासंगे भांडन नंतर करा… काय?… कोन बोली ऱ्हायनं?… मावशी?… हॅलो?"

तापीबाईचा आवाज मध्येच तुटला होता. दूर कुठेतरी रुपा बोलत होती. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. आधी बारीक, मग जरा मोठा. मध्ये थांबला, पुन्हा सुरू झाला. कोंबड्यांचा कलकलाट एवढा होता की रंजितानं दुसऱ्या कानात बोट घातलं, तरी काही कळेना. पोरगी बोलत होती, एवढंच. किती वेळ बोलली कोण जाणे. मग ती थांबली.

"हॅलो?… मावशी, शेतस का तुम्ही?… हॅलो?"

दार उघडून लोटन आबांनी आत डोकावलं. पट्टा दंडावर, त्याची नळी हातात. रंजितानं हातानंच थांबा म्हटलं. आबा तिथंच भिंतीला टेकले.

"हां मावशी, बोला… हो. खरं शे… शाळामा व्हती, तवयपासून… हो, लपाडं त्यासनी. लगीनना आधी सांगाले पाहिजे व्हतं. तुमना राग खोटा नही शे… माले माहीत व्हतं. पन मी कोनले सांगत नसू, तुमनं दुखनं बी मी कोनले सांगाव नही… नही मावशी. लागट नही शे, दुसराले व्हत नही. बाहेरनं बी काय नही. भगतकडे नेवानी गरज नही… कसं सांगू तुमले. घरमा वीज एकदम जास्त येस ना, फ्यूज उडस. तसं डोकामा व्हस. गोळी ऱ्हायनी ना, तर फ्यूज उडत नही. इतलंच शे… हो, पोरं व्हतीस. का नही व्हनार?… मावशी, त्या गोळ्याच मुळी त्यानाकरता बदलेल शेत. आनि ती पिवळी बारकी गोळी… तीच, तुम्ही फेकी ती… ती तर तुमना नातूनाकरता व्हती."

रंजितानं श्वास सोडला. तिला वाटलं, आता बाईचं मन नरमलं. पण तापीबाई एवढ्यात नरमणारी नव्हती.

"बेबीबाईले बोलावतस? बोलावा… गाडीमा घाली धाडतस तिले माहेरले? आजच?… बरं. तुमनं घर शे, तुमनी सून शे. मधमा बोलनारी मी कोन? पन आजनी गोळी तिना पोटमा जाऊ द्या, मंग काय धाडनं ते धाडा… कोठून म्हंजे? नवापूरना सरकारी दवाखानामा भेटतीस, मी तठे फोन करी ठेवस… मावशी, मन्हं… कोन ली ऱ्हायनं फोन?… हॅलो?… कोण?"

आवाज पुरुषाचा होता. हळू, खालच्या पट्टीतला. रंजिता भिंतीपासून सरळ झाली.

"हेमकांत भाऊ?… हो, मी रंजिता सिस्टर… तिनं सांगितलं तुम्हाला?… स्वतः सांगितलं ना. बरं झालं… हो, विचारा… विचारा ना, संकोच नका करू… दचकते?… कधी दचकते?… तुम्ही जवळ गेलात की. सकाळी… उठल्या उठल्या?… आणि दिवसा?… रात्री?… नाही ना? फक्त सकाळीच.

"भाऊ, ऐका. ती तुम्हाला दचकत नाही. तो आजार आहे. सकाळी झोपेतून उठल्यावर तिचे हात आपोआप उडतात. कप उडाला तोही तसाच. तुम्ही होतात म्हणून नाही, भिंत असती तरी उडाला असता… हॅलो?… भाऊ?"

रंजिता थांबली. एरवी फोनवर माणूस गप्प झाला की तिला चीड यायची, बाहेर एवढी माणसं खोळंबलेली असताना. आत्ता ती थांबली.

"हो… हं… मनाविरुद्ध लग्न लावून दिलं असं वाटलं तुम्हाला… आणि वर त्या गोळ्या सापडल्या. हो. कोणालाही वाटेल… म्हणून शेडवर झोपायला गेलात. तिला त्रास नको म्हणून… भाऊ, एकदा तरी विचारलंत का तिला?… नाही. ती तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही तिला विचारणार नाही, आई परस्पर गोळ्या फेकणार, आणि तिची आई इथं येऊन मला सांगणार, सगळं ठीक आहे. सगळ्यांनी मिळून त्या पोरीला गच्चीवर नेऊन उभं केलंत… हो, गच्चीवर. बिनकठड्याच्या. तिथनं फोन केला तिनं मला… हो. ते विटांचं काम आधी करून घ्या.

"बरं, आता गोळ्यांचं. आज काहीही करून… काय?… तुमच्याकडे आहेत? कुठे?… मोटरसायकलच्या डिकीत?… आईंनी खताच्या ढिगावर टाकल्या, आणि तुम्ही उचलल्या… कशाला?… मेडिकलवर दाखवायच्या होत्या, कशाच्या आहेत म्हणून. मग दाखवल्यात का?… दोनदा दुकानापर्यंत गेलात आणि परत आलात. लाज वाटली."

रंजितानं भिंतीवर डोकं टेकलं. गोळ्या घरापासून हाताच्या अंतरावर, आणि हात उडणारी पोर गोळीविना. एवढ्या वर्षांत तिनं गोळ्या न घेण्याची पुष्कळ कारणं ऐकली होती. तोंड कडू होतं, देवाचा वार आहे, बरं वाटतंय, बरं वाटत नाहीये. नवऱ्याला लाज वाटली म्हणून गोळ्या डिकीत फिरतायत, हे नवीन होतं.

"घेऊन या. पळा… आणल्यात? पाकीट फाटलंय का?… ओल लागलीये का आत?… एकेक गोळी वेगळी बंद आहे ना? मग चालेल. ज्याचं झाकण फुटलंय ती घेऊ नका. नाव वाचा वरचं… सावकाश वाचा… हां, तीच. फोन चालू ठेवा. डॉक्टरांना विचारून येते, शेजारच्याच खोलीत आहेत… आबा, जरा वाट द्या."

डॉक्टर एका बाळाच्या छातीला नळी लावून बसले होते. रंजितानं दोन वाक्यांत सांगितलं, त्यांनी मान हलवत ऐकलं, दोन प्रश्न विचारले. ती परत आली तेव्हा लोटन आबा खोक्यावर बसून आपला पट्टा आपणच सोडत होते.

"हॅलो, भाऊ… डॉक्टर म्हणाले, आत्ता एक द्या. एकच. राहिलेल्या भरून काढायला दोन-दोन नाही… बरोबर, एक. आणि लगेच तिला नवापूरच्या दवाखान्यात घेऊन जा. मोटरसायकलवर नाही. पिकअप आहे ना तुमची, कोंबड्यांची?… मग त्यात पुढे बसवा, मधे. कोंबड्या आज राहू द्या. आणि वाटेत फिट आली तर ऐका. गाडी थांबवा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका… कांदा नाही, चप्पल नाही, काही हुंगवायचं नाही. आईंना पण सांगा. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर एकशे आठला फोन. पण गोळी लवकर गेली तर बहुतेक येणार नाही… आयुष्यभर? ते मोठे डॉक्टर सांगतील. दोघं मिळून जा त्यांच्याकडे. फक्त आपल्या मनानं बंद करायची नाही, एवढं बघा… नाही, तुम्ही नाही भरवायची. तिची ती घेईल. तिला द्या फोन.

"रुपा?… घेतलीस?… पाणी प्यायलीस वरून?… हो गं. रडून घे. बसूनच रड, उठू नकोस… ऐक ना. आता कुठे ठेवणार आहेस गोळ्या?… साड्यांत नाही. फळीवर, सगळ्यांना दिसतील अशा… मीठ-मिरचीच्या शेजारी. चांगलं आहे. आणि वेळ कशी लक्षात ठेवशील? तूच सांग… पिल्लांना दाणा टाकायच्या आधी. सकाळ-संध्याकाळ. छान. मला हे सुचलं नसतं… नाही, हे ठीक आहे तुझ्या घराला. मी शुक्रवारी फोन करेन. 'घेतेस ना' विचारणार नाही. किती चुकल्या तेच विचारेन, खरं सांगायचं… आईला मी सांगते. हो, शपथेचंही बघते तिच्याकडे… जा आता. गाडीत बस… अजून कोण?… दे."

बांगड्या पुन्हा वाजल्या. रंजितानं डोळे मिटून घेतले. बाहेरच्या बाकावर आता भांडण लागलं होतं, नंबर कोणाचा म्हणून.

"हां मावशी… हो, बेबीबाईले मीच निरोप देस. या म्हनू भेटाले… हो, बोला तिले काय बोलनं ते. मी मधमा येत नही… अजून काय?… एकादस?… उद्यानी. हां… रुपाले बी उपास शे… मंग?… गोळी चालस का उपासमा?… चालस मावशी. गोळीनी उपास मोडत नही… नही, औषध शे ते, अन्न नही… साबुदाणासंगे चालस. भगरसंगे बी चालस… दूधसंगे बी… मावशी, कसासंगे बी चालस, फक्त पोटमा जावाले पाहिजे… आनि मोडना उपास तर तो मन्हा नावे लिखा, मी भरसू."

तिनं एक क्षण थांबून विचारलं.

"मंग उद्या ती तुमनाकडेच शे ना, मावशी?… नही, तुम्हीच म्हनी ऱ्हायनतात ना, माहेरले धाडस म्हनून… नही, सहज इचारं… हो… हो, एकादसले कोन धाडस सूनले, खरं शे… मंग परवा, बारसले?… बरं बरं, नही इचारत… हॅलो?… मावशी?… हॅलो?"

तापीबाईनं फोन ठेवला होता.